तीन ओळींचा मासिक संकेत: शेअर, रोखे आणि सोने यांसाठीच्या एका नियमबद्ध सेवेचे परीक्षण

बाजारात केव्हा शिरावे आणि केव्हा बाहेर पडावे हे स्वतःच्या अंदाजावर न सोडता एका ठरलेल्या नियमावर सोपवायचे, ही कल्पना विकणाऱ्या सेवा आता आपल्याकडेही बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेची वार्षिक वर्गणी भरून २०२४ च्या दिवाळीनंतर मी तिचे संकेत माझ्या बचतीच्या एका भागावर पाळले. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण जवळपास हाच नियम निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि वाचकाला त्या नावापेक्षा नियमाची पारख अधिक उपयोगी पडेल. विक्रेत्याची सेबी या बाजार नियामक संस्थेकडे संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी आहे, हे पैसे भरण्यापूर्वी सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून घेतले होते. ज्याची नोंदणी सापडत नाही, त्याच्या सेवेचे परीक्षण करण्याचीही गरज नाही.

सेवेचे स्वरूप साधे आहे. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी एक ईमेल येतो आणि त्यात तीन ओळी असतात: निफ्टी ५० या शेअर निर्देशांकाचा ईटीएफ (शेअरप्रमाणेच बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड), दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा ईटीएफ आणि सोन्याचा ईटीएफ. प्रत्येकापुढे ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढाच शब्द असतो. पैशांचे तीन समान भाग करायचे आणि ज्या भागापुढे ‘बाहेर’ लिहिले असेल तो भाग पुढचा संकेत येईपर्यंत लिक्विड फंडात, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांच्या फंडात, ठेवायचा. नियमही लपवलेला नाही: महिनाअखेरचा भाव मागील दहा महिनाअखेरच्या भावांच्या सरासरीपेक्षा वर असेल तर आत, खाली असेल तर बाहेर. अमेरिकेतील गुंतवणूक व्यवस्थापक मेब फेबर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे हा दहा महिन्यांचा नियम सर्वतोमुखी झाला, आणि सेवेने त्याचे श्रेय प्रामाणिकपणे दिले आहे. वर्गणी वर्षाला ६,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८० रुपये पडतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तीन लाखांच्या गुंतवणुकीवर तो दरवर्षी २.३६ टक्के होतो आणि वीस लाखांवर ०.३५ टक्के. लहान रकमेसाठी ही सेवा तेथेच बाद होते.

शेअरचा भाग सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याची तपासणी मी निफ्टीचे महिनाअखेरचे बंद भाव घेऊन स्वतः केली. नियमाची सर्वांत उजळ बाजू २००८ मध्ये दिसते. त्या वर्षी जानेवारीत ६,३५७ पर्यंत गेलेला निफ्टी मार्चअखेर ४,७३४ वर आला आणि नियमाने ‘बाहेर’ सांगितले. पुढे ऑक्टोबरात निर्देशांक २,२५२ पर्यंत कोसळला, तेव्हा नियम पाळणाऱ्याचे पैसे लिक्विड फंडात होते. एप्रिल २००९ अखेर ३,४७४ वर पुन्हा ‘आत’ असा संकेत मिळाला. म्हणजे कर आणि खर्च बाजूला ठेवले तर विकलेल्या युनिटांपेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक युनिटे त्याच रकमेत परत घेता आली असती. विशेष म्हणजे १८ मे २००९ रोजी, लोकसभेच्या निकालानंतर, निफ्टी एकाच दिवसात १७ टक्क्यांहून अधिक वर गेला आणि त्या दिवशी नियम आत होता. सावकाश सुरू होऊन वर्षभर चालणाऱ्या पडझडीत हा नियम खरोखर कामाला येतो, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

परंतु २०१९ आणि २०२० ही दोन वर्षे त्याशेजारी ठेवल्याशिवाय निवाडा पुरा होत नाही, आणि त्यातील एक प्रसंग तर थेट आपल्या गोव्यात घडला. जुलै २०१९ अखेर निफ्टी ११,११८ वर होता, सरासरी त्याहून थोडी वर होती, म्हणून नियम बाहेर पडला. ऑगस्टअखेरही तो बाहेरच राहिला. २० सप्टेंबर २०१९ रोजी जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी पणजीत आलेल्या केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी येथूनच कंपनी करात मोठी कपात जाहीर केली. जुन्या कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आला. त्या एका दिवसात सेन्सेक्स १,९२१ अंकांनी आणि निफ्टी ५६९ अंकांनी वधारला. महिन्यातून एकदाच डोळे उघडणाऱ्या नियमाला त्या शुक्रवारचे काहीच कळणे शक्य नव्हते. महिनाअखेर ११,४७४ वर त्याने ‘आत’ म्हटले, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी विकलेली युनिटे तीन टक्क्यांहून अधिक महाग घ्यावी लागली असती. बाजाराची ही हुलकावणी नियमाच्या स्वभावातच आहे. ती टाळता येते असे सांगणारा विक्रेता ग्राहकाला फसवतो.

त्यानंतर आला २०२० चा फेब्रुवारी. महिनाअखेर निफ्टी ११,२०२ वर असताना नियम बाहेर पडला. मार्चमधील कोसळण्यात निर्देशांक ७,५११ पर्यंत गेला, २३ मार्च रोजी तर एका दिवसात तो सुमारे १३ टक्के उतरला. हे सारे नियमाने टाळले. मात्र परत शिरण्याचा संकेत जुलैअखेर ११,०७३ वर आला. विक्री ११,२०२ वर आणि खरेदी ११,०७३ वर, म्हणजे दोहोंतील अंतर जेमतेम एक टक्का. जानेवारीतील १२,४३० या उच्चांकापासून जवळपास ४० टक्क्यांची घसरण डोळ्यांसमोर होऊन गेली, नियमाने ती चुकवली, आणि तरीही हाती राहिलेली रक्कम हातपाय न हलवता बसून राहिलेल्या माणसाच्या रकमेएवढीच राहिली असती. या सेवेकडून नेमके काय मिळते हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ती नफा वाढवण्याची सेवा नाही. मधला मोठा खड्डा उथळ करण्याची ही सेवा आहे. ज्याला त्या खड्ड्यात घाबरून तळाशी विकण्याची सवय आहे, त्याच्यासाठी तिची किंमत मोठी आहे. जो मार्च २०२० मध्येही शांतपणे एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) चालू ठेवू शकला, त्याने हे पैसे वाचवावेत.

माझ्या प्रत्यक्ष वापराच्या काळात नियमाने पुन्हा हीच दोन्ही रूपे दाखवली. डिसेंबर २०२४ अखेर निफ्टी २३,६४५ वर असताना ‘बाहेर’ असा ईमेल आला. नववर्षाच्या पहिल्या दिवशी विक्री केली, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी निर्देशांक जवळपास दोन टक्के उसळला. अशा वेळी नियम सोडून परत शिरण्याची ओढ फार तीव्र असते, आणि तेथेच या पद्धतीची खरी परीक्षा होते. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्याकडचे ट्रॉलर किनाऱ्याला लागतात. एखाद्या सकाळी समुद्र शांत दिसला म्हणून ती बंदी त्या दिवसापुरती उठत नाही, कारण ती त्या एका दिवसासाठी घातलेली नसते. नियमाकडे तशाच दृष्टीने पाहावे लागते. पुढे फेब्रुवारी २०२५ अखेर निफ्टी २२,१२४ वर आला. अमेरिकेच्या नव्या आयात शुल्कांच्या घोषणेनंतर ७ एप्रिल रोजी तो २१,७४३ पर्यंत खाली गेला. नियम या सर्व काळात बाहेर होता. ३० एप्रिलला २४,३३४ वर ‘आत’ असा संकेत आला. विकले त्याहून सुमारे तीन टक्के महाग घ्यावे लागले, लिक्विड फंडाच्या चार महिन्यांच्या व्याजाने त्यातील बराच भाग भरून निघाला, आणि एकंदर फरक किरकोळ राहिला. २०२२ च्या मध्यासही नियम असाच खाली विकून वर घेत होता, हे आकडेमोडीत दिसते.

सेवेच्या जाहिरातीतील आलेखाविषयी माझी तक्रार येथूनच सुरू होते. हा आलेख २००७ पासून सुरू होतो. त्यामुळे २००८ मधील मोठी बचत अगदी आरंभीच जमा होते आणि पुढची सगळी वर्षे ती रेषा वर राहते. तोच आलेख २००९ च्या एप्रिलपासून काढला असता तर नियमाची रेषा इतकी देखणी दिसली नसती. दुसरे म्हणजे आलेख कर, दलाली आणि स्वतः सेवेची वर्गणी यांपैकी काहीही वजा न करता काढलेला आहे. भारतात ही चूक लहान नाही. २३ जुलै २०२४ पासून शेअर व शेअर ईटीएफवरील बारा महिन्यांच्या आतील नफ्यावर २० टक्के कर आहे आणि त्यानंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाची सूट देऊन. समजा दहा लाखांचे आठ महिन्यांत अकरा लाख झाले आणि नियमाने बाहेर काढले, तर एक लाखावर उपकरासह २०,८०० रुपये सरकारजमा होतात. तीच युनिटे वर्षभर ठेवली असती आणि दुसरा नफा नसता, तर कर शून्य लागला असता. हे २०,८०० रुपये पुन्हा बाजारात वाढण्यासाठी उरत नाहीत, म्हणून त्यांचा परिणाम वर्षागणिक वाढत जातो. करोत्तर परताव्याचा रकाना दाखवावा अशी लेखी मागणी मी केली आहे. उत्तर सौजन्याने आले, रकाना अद्याप आलेला नाही.

दहाच महिने का, हा प्रश्नही मी विचारला, आणि मला तो या सेवेच्या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. एप्रिल २००८ अखेर निफ्टी ५,१६६ वर होता आणि दहा महिन्यांची सरासरी ५,२०८ वर. अवघ्या ४२ अंकांनी नियम बाहेर राहिला. दहाऐवजी बारा महिन्यांची सरासरी धरली तर ती ५,०५८ येते, म्हणजे नियम एप्रिलअखेर ५,१६६ वर पुन्हा आत शिरला असता आणि मे अखेर ४,८७० वर तोटा सोसून बाहेर पडला असता. दहा काय आणि बारा काय, दोन्ही आकडे सारखेच सयुक्तिक असताना निकालात इतका फरक पडत असेल, तर एका आकड्यावर सगळे पैसे लावणे शहाणपणाचे नाही. शेअरच्या भागाचे दोन तुकडे करून एकाला दहा आणि दुसऱ्याला बारा महिन्यांचा नियम लावावा, म्हणजे निदान एका चुकीच्या दिवशी सगळे पैसे एकाच बाजूला सापडत नाहीत. सेवा हा पर्याय देत नाही, परंतु राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर भाव फुकट मिळतात आणि दहा आकड्यांची सरासरी कोणालाही काढता येते. म्हणूनच मी स्पष्ट लिहितो: ७,०८० रुपये गणितासाठी देऊ नयेत. ठरल्या दिवशी तिऱ्हाइताकडून आलेला आदेश पाळणे ज्याला स्वतःच्या वहीतील आकडा पाळण्यापेक्षा सोपे जाते, त्यानेच ते द्यावेत. माझ्या परिचयातील काही जाणत्या माणसांना खरोखरच तसे सोपे जाते.

सोन्याचा भाग मला शेअरच्या भागापेक्षा अधिक समाधानकारक वाटला. माझ्या वापराच्या काळात सोने सतत ‘आत’ राहिले. डिसेंबर २०२४ अखेर दहा ग्रॅमला ७६ ते ७७ हजारांच्या आसपास असलेल्या भावाने एप्रिल २०२५ मध्ये सराफ बाजारात लाखाचा टप्पा गाठला, आणि शेअरमधील हुलकावणीचा सल त्यामुळे जाणवला नाही. हे नियमाचे कर्तृत्व कमी आणि सोने गाठीशी ठेवण्याचे अधिक आहे, हेही सांगितले पाहिजे. मात्र एक गोष्ट या सेवेने नेमकी बरोबर केली आहे: संकेत डॉलरमधील भावावर न काढता भारतातील रुपयांच्या भावावर काढला जातो. २०१३ मध्ये जागतिक भाव एप्रिलपासून कोसळलेला असताना २८ ऑगस्टला रुपया डॉलरमागे ६८ च्या पलीकडे घसरला, त्याच महिन्यात आयात शुल्क १० टक्के झाले, आणि येथील सोने त्या वेळच्या उच्चांकाला पोहोचले. डॉलरचा आलेख पाहून विकणारा भारतीय त्या वेळी पूर्ण चुकला असता. उलट बाजूही आहे. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले आणि येथील भाव एका दुपारीत खाली आला. अशा सरकारी निर्णयापुढे कोणत्याही सरासरीचे काही चालत नाही.

गोव्यातील घरांसाठी येथे एक खुलासा अवश्य हवा, कारण मला हा प्रश्न अनेक भगिनींनी विचारला. हा संकेत कपाटातील दागिन्यांना लावायचा नाही. दागिना घेताना ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ जाते, मोडताना घडणावळ परत मिळत नाही, आणि मंगळसूत्र किंवा पाटल्या यांचा बाजारभावाशी संबंध जोडणे कोणत्याही घरात होत नाही, होऊही नये. ज्यांच्याकडे मूळ वाटपात घेतलेले सुवर्ण रोखे (सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी रोखे) आहेत त्यांनीही ते आठ वर्षांची मुदत पूर्ण होईपर्यंत ठेवावेत. नवे रोखे फेब्रुवारी २०२४ नंतर विक्रीला आलेले नाहीत, आणि विकून पुन्हा आत शिरण्याचा मार्ग तेथे उरलेला नाही. संकेत लागू होतो तो केवळ डिमॅट खात्यातील ईटीएफला, आणि त्यातही बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफा उत्पन्नात मिळवून आपल्या टप्प्यानुसार कर भरावा लागतो, हे ध्यानात ठेवून.

सरकारी रोख्यांचा तिसरा भाग मला पटला नाही. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या रोखे फंडावरील नफा कितीही वर्षांनी विकला तरी उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच करपात्र ठरतो. त्यामुळे नियमाने वारंवार आत-बाहेर करायला लावल्यास पुढे ढकलता येणारा कर प्रत्येक वेळी आजच द्यावा लागतो. दहा वर्षांच्या रोख्याचा व्याजदर एक टक्क्याने वाढला तर किंमत साधारण साडेसहा ते सात टक्के पडते, आणि ही हालचाल बहुधा रिझर्व्ह बँकेच्या एखाद्या घोषणेने अचानक होते. १५ जुलै २०१३ च्या संध्याकाळी रुपया सावरण्यासाठी बँकेने तातडीच्या कर्जाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला, ४ मे २०२२ रोजी नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर (बँकांना दिलेल्या अल्पकालीन कर्जावरील व्याजदर) ४.४० टक्के केला, आणि दोन्ही वेळा महिनाअखेरीची वाट पाहणारा नियम काही करू शकला नसता. त्यात रोख्यांच्या ईटीएफची उलाढाल तुटपुंजी असते. खरेदी आणि विक्रीच्या बोलींत एवढे अंतर पडते की लहान गुंतवणूकदाराला फंडाच्या मूल्याहून महाग घ्यावे लागते आणि स्वस्त विकावे लागते. नियमबद्ध वेळ साधण्यासाठी हे साधनच अयोग्य आहे.

जाहिरातीत या भागाला ‘मुदत ठेवीला पर्याय’ म्हटले आहे, आणि त्यावर माझा गंभीर आक्षेप आहे. म्हापसा आणि मडगाव येथील नागरी सहकारी बँकांचे परवाने अनुक्रमे २०२० आणि २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून आपल्याकडचे निवृत्त ठेवीदार ‘ठेव नको तर काय’ हे फार कळवळून विचारतात. ठेवीवरील विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे. एका बँकेत तेवढ्यापुरती रक्कम ठेवून उरलेली दुसरीकडे वाटणे, किंवा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू केलेल्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सरकारी रोखे घेऊन मुदतीपर्यंत स्वस्थ ठेवणे, ही त्या प्रश्नाची खरी उत्तरे आहेत. दरमहा किंमत खालीवर होणारा ईटीएफ हे उत्तर नाही.

व्यवहाराच्या बाजूने सेवा चोख आहे. ईमेल नेहमी वेळेवर आला, शंकांना उत्तरे मिळाली, आणि पैसे किंवा खात्याचे अधिकार कधी मागितले गेले नाहीत, जे संशोधन विश्लेषकाने मागायचेही नसतात. परताव्याची हमीही कोठे दिलेली नाही. उत्तरे केवळ हिंदी आणि इंग्रजीत मिळतात, ही उणीव फोंडा, डिचोली, साखळी या भागांतील ज्येष्ठ वाचकांना जाणवेल. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, कुटुंबांनी मात्र आधी विचार करावा. माझा भाचा मालवाहू जहाजावर असतो. भर समुद्रात ईमेल मिळाला तरी भारतीय सिमवर येणारा ओटीपी मिळत नाही, आणि खरेदी-विक्रीचा आदेश ग्राहकाने स्वतःच द्यायचा असल्यामुळे त्याच्यासाठी हा संकेत कागदावरच राहतो. अशा घरांनी शेअर आणि सोने ठरलेल्या प्रमाणात ठेवून, माणूस सुट्टीवर घरी आला की बिघडलेले प्रमाण पुन्हा जुळवून घेणे हा मार्ग अधिक योग्य आहे.

वर्गणीचे नूतनीकरण मी केले आहे, पण वेगळ्या मांडणीने: शेअर आणि सोने यांचे संकेत पाळतो, शेअरच्या अर्ध्या भागाला माझी स्वतःची बारा महिन्यांची सरासरी लावतो, आणि तिसरी ओळ वाचून सोडून देतो. तो तिसरा भाग रिटेल डायरेक्टमधील रोख्यांत गेला आहे आणि तेथे तो मुदत संपेपर्यंत राहणार आहे. करोत्तर रकाना पुढच्या वर्षीही आला नाही, तर सेवा बंद करून दोन्ही सरासऱ्या घरीच काढेन.